डॉक्टरांना पाच स्टार, बिलिंग काउंटरला दोन

मार्चमध्ये आईचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं, दुर्बिणीतून, पुण्यातल्या एका मोठ्या खाजगी हॉस्पिटलात. हॉस्पिटलचं आणि विमा कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, कारण नंतर चार जणांशी बोलल्यावर कळलं की थोड्याफार फरकाने सगळीकडे हेच चालतं.

आधी चांगलं सांगते. सर्जन एकदम शांत माणूस, आईचे सगळे प्रश्न ऐकून घेतले, अगदी "उपासाला चालेल का" पर्यंत. नर्सिंग स्टाफ तर गुणी पोरी आहेत, रात्री दोन वाजता बेल मारली तरी कपाळावर आठी नाही. आई तिसऱ्या दिवशी चालत घरी आली. या सगळ्याला पाचपैकी पाच. कँटीनला तीन, चहा पाणचट.

आता बिल.

आईची पॉलिसी जुनी आहे, बाबांनी काढलेली, ३ लाखांची. त्यात एक ओळ आहे की रूमचं भाडं विमा रकमेच्या १ टक्का, म्हणजे दिवसाला ३,०००. ही ओळ आम्ही कोणी वाचलीच नव्हती, दरवर्षी हप्ता भरायचा आणि कार्ड कपाटात ठेवायचं एवढंच. ॲडमिशनला काउंटरवरचा मुलगा म्हणाला, ट्विन शेअरिंग (दोन पेशंटची खोली) आज फुल आहे, सिंगल देतो, ६,००० रुपये. मी मनात हिशोब केला, रोजचे ३,००० जास्त म्हणजे तीन दिवसांचे ९,०००, आईला जरा निवांतपणा मिळेल, जाऊदे. इथेच फसलो बघा.

कारण रूम महाग घेतली की फक्त रूमचा फरक भरायचा नसतो. एक तर हॉस्पिटलचा दरच रूमप्रमाणे बदलतो, तोच सर्जन, तेच ओटी (ऑपरेशन थिएटर), तीच दुर्बीण, पण सिंगल रूमवाल्याला फी जास्त. आणि वरून विमा कंपनी म्हणते की तुमची पात्रता ३,००० ची, तुम्ही घेतली ६,००० ची, म्हणजे निम्मी, मग बाकीचे खर्चही आम्ही निम्मेच देणार. याला प्रपोर्शनेट डिडक्शन म्हणतात. शिवाय ५,००० च्या वरच्या रूमवर जुलै २०२२ पासून ५ टक्के जीएसटी आहे, ते ९०० रुपये वेगळेच. हे सगळं ॲडमिशनच्या वेळी तो मुलगा सांगू शकला असता की नाही? पॉलिसीची झेरॉक्स त्याच्याच हातात होती.

डिस्चार्जच्या आदल्या संध्याकाळी मी काउंटरवर जाऊन म्हणाले, मला डिटेल बिल हवंय, आयटमवाइज. तो म्हणाला, "मॅडम, डिटेल कशाला, क्लेम कॅशलेस आहे ना?" म्हणजे पैसे कंपनी देणार तर तुम्हाला काय करायचंय. मी म्हणाले, निम्मे मीच देणारे, दे. हातात जे आधी टेकवलं ते एकाच पानाचं, त्यात 'फार्मसी ३५,२६०' अशी एक ओळ, आणि एकूण १,५६,३००. आता ३५,२६० या आकड्याशी माणूस काय भांडणार? डिटेल बिल दुसऱ्या दिवशी अकरा वाजता मिळालं, ११ पानं.

ती ११ पानं मी आणि आईने बेडवर बसून वाचली. आई हातात पेन घेऊन, किराणाची यादी तपासते तशी. ग्लोव्हज ३८ जोड्या. आई म्हणाली, माझ्या पोटात उतरले होते का हे सगळे. पण ग्लोव्हज मोजायला आपण काही ओटीत नसतो, ते सोडून दिलं. जे धरता आलं ते असं. डाएटिशियनच्या तीन व्हिजिट प्रत्येकी ७००, आली एकदाच, पाच मिनिटं, तळलेलं खाऊ नका सांगून गेली. फिजिशियनची एकाच दिवशी दोनदा व्हिजिट, प्रत्येकी १,२००, दुसऱ्यांदा कोणी आलंच नव्हतं. सिरिंज पंप दोन दिवस १,४४०, तो पंप आमच्या खोलीत कधी आलाच नाही, शेजारच्या खोलीतल्या काकांना होता. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, न वापरलेली औषधं सिस्टरने पिशवी भरून फार्मसीला परत पाठवली होती, ४,२६० ची, ती बिलातून वजाच केलेली नव्हती. नशीब माझं की रिटर्न स्लिपचा मी मोबाईलवर फोटो काढून ठेवला होता, सहज, काही डोकं लावून नाही.

बिलिंगवाल्यांनी आधी सिस्टीमचं नाव सांगितलं, मग सिस्टरचं, मग वॉर्डमधली फाईल मागवली. डॉक्टर कधी येऊन गेले ते केसपेपरवर वेळ टाकून लिहिलेलं असतं, ते बघितल्यावर विषय संपला. ८,३०० कमी झाले, बिल १,४८,००० वर आलं. चूक मुद्दाम केली असं मी म्हणणार नाही, पण चारही चुका हॉस्पिटलच्याच बाजूने झाल्या एवढं नोंदवून ठेवते.

आणि मग सांगतात काय, तुमच्यामुळे डिस्चार्जला उशीर झाला. विमा कंपनीने शेवटची मंजुरी तीन तासांत द्यायची असा इर्डाचा (विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) २०२४ चा नियम आहे, पण ते तीन तास हॉस्पिटलने फाईल पाठवल्यापासून मोजतात, आणि यांनी फाईल पाठवली पावणेतीनला! कंपनीचं उत्तर साडेपाचला आलं, म्हणजे ती बिचारी वेळेतच. वर अर्ध्या दिवसाचं रूमभाडं लावायला निघाले होते, ते मात्र मी आवाज जरा चढवल्यावर गेलं. एरवी मी असा आवाज चढवत नाही.

आता कंपनीचं मंजुरीपत्र. १,४८,००० पैकी ६८,५५० मंजूर. आम्ही भरायचे ७९,४५०. आई एकदम गप्प झाली. २०,००० डिपॉझिट आधीच भरलेलं, बाकीचे ५९,४५० भावाने नाशिकहून पाठवले, भरले आणि घरी आलो, कारण त्या क्षणी दुसरं काही सुचत नाही, आजारी माणूस व्हीलचेअरवर बसलेला असतो.

पण घरी आल्यावर मी ते कपातीचं पान नीट वाचलं. सर्जन ४०,००० चे २०,०००, भूलतज्ज्ञ १४,००० चे ७,०००, ओटी २२,००० चे ११,०००, नर्सिंग निम्मं. ठीक, पॉलिसीत आहे, आमची चूक. ग्लोव्हज, मास्क, कॉटन असलं ६,४०० चं सामान नॉन-पेएबल, म्हणजे विम्यात न बसणारं, म्हणून उडवलं, तेही ठीक. ॲडमिशन चार्ज, फाईल चार्ज वगैरे ३,६०० कोणी देत नाही. पण उरलेली औषधं २४,६०० ची, त्यांचे फक्त १२,३०० दिले होते, आणि तपासण्या १२,५०० च्या, त्यांचेही निम्मे. सोनोग्राफीचा आणि रूमचा काय संबंध?

तर संबंध नाहीच. इर्डाच्या २०२० च्या सूचनांमध्ये साफ लिहिलंय की ही प्रमाणातली कपात औषधं, कन्झ्युमेबल्स (वापरून टाकायचं सामान), इम्प्लांट आणि तपासण्यांवर लावता येत नाही. आयसीयूच्या भाड्यालाही नाही. आणि ज्या हॉस्पिटलात रूमप्रमाणे दर बदलतच नाहीत तिथे तर ही कपातच लागू नाही. गुडघा बदलणं किंवा अँजिओप्लास्टी असती तर इम्प्लांट आणि स्टेंटचे आकडे बघता हा फरक केवढा झाला असता विचार करा. (स्टेंटच्या किमतींवर सरकारने २०१७ पासून कमाल मर्यादा घातली आहे, त्याच वर्षी गुडघ्याच्या इम्प्लांटवरही, तेव्हा बिलावरचं स्टिकर आणि तो दर ताडून बघा.)

मी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला मेल टाकला. रडगाणं गायलं नाही. क्लेम नंबर, कपातीचं पान, दोन आकडे, नियमाचा उल्लेख, आणि शेवटी एकच वाक्य, की उत्तर नाही आलं तर इर्डाच्या बिमा भरोसा या तक्रार पोर्टलवर आणि मग विमा लोकपालांकडे जाईन. लोकपालांचं ऑफिस पुण्यातही आहे, फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतचे वाद घेतात, पण आधी कंपनीकडे लेखी तक्रार केलेली असावी लागते. पहिलं उत्तर आलं ते छापील, "आपला क्लेम नियमानुसार निकाली काढला आहे". मी तोच मेल परत पाठवला, वरती फक्त 'कुठल्या नियमानुसार?' एवढं टाकून. सोळाव्या दिवशी १८,५५० खात्यात जमा. दिलगिरी नाही, फोन नाही, नुसता बँकेचा मेसेज. आमच्या खिशातून शेवटी ६०,९०० गेले. ट्विन शेअरिंगसाठी एक दिवस थांबलो असतो तर यातले बरेच वाचले असते, ऑपरेशन काही इमर्जन्सी नव्हतं. हे मला अजून झोपेत आठवतं.

एक अजून. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींच्या नवऱ्याचं हर्नियाचं ऑपरेशन त्याच महिन्यात होतं. त्यांना मी सरळ ट्रस्टच्या हॉस्पिटलात पाठवलं. धर्मादाय हॉस्पिटलांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्याव्या लागतात, उत्पन्नाची मर्यादा वर्षाला १ लाख ८० हजार आणि ३ लाख ६० हजार. काउंटरवर विचारलं तर "बेड नाहीत" म्हणतील, तिथे विचारायचंच नाही, तिथल्या सोशल वर्कर मॅडमना भेटायचं, रेशन कार्ड आणि तहसीलदाराचा दाखला घेऊन. मावशींचं काम झालं, दोन चकरा जास्त पडल्या.

औषधांबद्दल थोडक्यात. फार्मसीबाहेर पाटी आहे की औषधं इथूनच घ्यायची सक्ती नाही, पण ती पाटी चपलांच्या स्टँडमागे आहे. ॲडमिट असताना आम्ही मुकाट्याने तिथूनच घेतली, घरी आल्यावरच्या गोळ्या मात्र जनऔषधी केंद्रातून, डॉक्टरांना विचारून, आणि पाकीट बघून आईला वाटलं मी निम्म्याच आणल्या, इतके कमी पैसे लागले.

तर स्टार. उपचार पाच, बिलिंग काउंटर दोन (एक कमी देणार होते, पण वॉर्डची फाईल मागवून चूक मान्य केली), विमा कंपनी अडीच, तेही पैसे जमा झाल्यावर.

ऑगस्टमध्ये पॉलिसीचं रिन्युअल आहे. पोर्ट करायचं, म्हणजे दुसऱ्या कंपनीकडे न्यायचं, तर किमान ४५ दिवस आधी अर्ज लागतो म्हणून मी आत्तापासूनच विचारपूस सुरू केलीये. एजंट काकांना व्हॉट्सॲपवर एकच प्रश्न टाकला, नव्या पॉलिसीत रूम रेंटची मर्यादा आहे का. त्यांनी २८ पानी ब्रोशर पाठवलं, एका हसऱ्या कुटुंबाचा फोटो पाठवला, आणि खाली लिहिलं, "ताई, ते निवांत फोनवर सांगतो." नऊ दिवस झाले.