आखूड नळी, जड गोळी: 1680 घ्यावी की एच-110?

नऊ इंची नळीची .300 ब्लॅकआउट रायफल आणि 220 ग्रेनची गोळी (ग्रेन हे वजनाचं बारीक माप). या जोडीसाठी स्वतः काडतूस भरताना कोणती पावडर घ्यावी, 1680 की एच-110, असं कुणी विचारलं की मी आधी एकच गोष्ट विचारतो: रायफल बोल्ट हाताने ओढायची (बोल्ट-अ‍ॅक्शन) आहे की बाराच्या गॅसने बोल्ट आपोआप मागे ढकलणारी? निम्मा निर्णय तिथेच होतो. बहुतेक जण मात्र वेगाच्या तक्त्यापासून सुरुवात करतात आणि तिथेच फसतात.

कारण जड गोळीला इथे वेग नकोच असतो. .300 ब्लॅकआउटला 2011 साली सामी या अमेरिकी मानक संस्थेची मान्यता मिळाली. पुंगळी .223 या काडतुसाचीच, कापून आखूड केलेली, आणि तोंड .30 च्या गोळीला बसेल एवढं. 110 ते 125 ग्रेनच्या हलक्या गोळ्या तिच्यातून जोरात जातात, पण 190 ते 220 ग्रेनच्या गोळ्या मुद्दाम आवाजाच्या वेगाखाली ठेवल्या जातात, साधारण 1,000 ते 1,050 फूट प्रति सेकंद. वीस अंश सेल्सियसला हवेत आवाजाचा वेग 1,125 फुटांच्या आसपास असतो, शून्य अंशाला तो 1,087 वर येतो. म्हणजे वरची मर्यादा ठरलेलीच आहे आणि कोणतीही पावडर तिथपर्यंत सहज पोचते. खरा प्रश्न पुढचा: तो वेग देताना पावडर किती गॅस तयार करते, किती स्वच्छ जळते आणि दर वेळी सारखी पेटते का?

"आखूड नळीला जलद (म्हणजे झटकन जळणारी) पावडर" हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल. ते अर्धंच खरं आहे. पूर्ण दाबाच्या काडतुसात दाबाचं टोक गोळी पहिल्या काही इंचांत असतानाच येऊन जातं. त्यामुळे लांब नळीत जी पावडर सर्वाधिक वेग देते, तीच बहुधा आखूड नळीतही पुढे राहते, फक्त तोंडाशी जाळ आणि दणका वाढतो. .223 मध्ये 77 ग्रेनची गोळी साडेदहा इंची नळीतून मारणाऱ्याने म्हणूनच पावडर बदलण्यापूर्वी दोनदा विचार करावा. आवाजाखालच्या काडतुसात मात्र दाब मुळातच कमी असतो. संथ पावडरला नीट जळायला दाब लागतो. तो मिळाला नाही की अर्धवट जळलेले दाणे नळीत, बोल्टवर आणि चेंबरच्या, म्हणजे काडतूस बसतं त्या जागेच्या, कडेला सापडतात. इथे जलद पावडरच्या बाजूने खरंच काहीतरी बोलण्यासारखं आहे.

अ‍ॅक्युरेट 1680

गोल, बारीक दाण्यांची बॉल पावडर, 7.62×39 च्या आकाराच्या काडतुसांसाठी ओळखली जाणारी. जड गोळी आणि गॅसवर चालणारी रायफल असेल, तर माझी पहिली पसंती हीच. ती एच-110 पेक्षा संथ असल्याने तोच वेग गाठायला जास्त पावडर लागते. जास्त पावडर म्हणजे जास्त गॅस, आणि गोळी गॅसच्या छिद्रापाशी पोचते तेव्हा मागे दाब शिल्लक असतो. त्या दाबानेच बोल्ट पुरता मागे जातो. दुसरा फायदा मला त्याहून मोठा वाटतो. 220 ग्रेनची लांब गोळी पुंगळीत खोल बसते आणि उरलेली जागा ही पावडर बऱ्यापैकी भरून काढते. चुकून चार्ज (एका काडतुसाची ठरलेली पावडर) दोनदा पडला तर पुंगळी काठाकडे येते आणि चूक नजरेला लगेच दिसते.

माप टाकताना तर ती हाताला सुख देते. दांडा खाली केला की बारीक वाळूसारखी सरसर उतरते, कुठे अडत नाही. दोष म्हणाल तर काजळी. सायलेन्सर लावून एका दुपारात शंभरेक गोळ्या मारल्या की बोल्टच्या शेपटीवर काळा थर चढतो, तो खरवडूनच काढावा लागतो.

एच-110, म्हणजेच विंचेस्टर 296

दोन डबे, दोन नावं, पावडर एकच. दोन्ही डबे घेऊन तुलना करण्यात पैसे घालवू नका. 110 ते 125 ग्रेनच्या वेगवान काडतुसांत ही पावडर अप्रतिम आहे. तोंडाशी जाळ कमी, वेग भरपूर. जड गोळीत ती कमी लागते, शांत वाजते आणि माझ्या अनुभवात 1680 पेक्षा स्वच्छ राहते. बोल्ट-अ‍ॅक्शनवाल्याला हे सगळं हवंच असतं.

पण गॅसच्या रायफलीत ती तोकडी पडू शकते. गॅसची नळी पिस्तुलाच्या (आखूड) लांबीची नसून कार्बाइनच्या (त्याहून लांब) लांबीची असेल तर हमखास. शिवाय ही पावडर विकणाऱ्या हॉजडन कंपनीची एक ताकीद या पावडरला चिकटलेली आहे: छापलेल्या चार्जपेक्षा 3 टक्क्यांहून खाली जाऊ नका. कमी भरली तर ती नीट पेटत नाही आणि जाकीट (वर तांब्याचं आवरण) असलेली जड गोळी नळीतच अडकू शकते. म्हणून "अजून थोडं शांत करू" म्हणत चार्ज उतरवत जाणाऱ्याच्या हाती मी हा डबा देणार नाही. बार नेहमीसारखा न वाजता पुचकन वाजला, तर तिथेच थांबा, रायफल रिकामी करा, नळीत सळई घालून पाहा आणि मगच पुढचं.

सीएफई बीएलके

हॉजडनने याच काडतुसासाठी आणलेली बॉल पावडर. वागणुकीत 1680 च्या जवळची, आणि नळीच्या आट्यांत (आतल्या पीळदार खाचांत) तांब्याचा थर कमी बसावा असं द्रव्य तिच्यात मिसळलेलं असतं. गॅसच्या रायफलीत बोल्ट नीट फिरवते. 1680 मिळत नसेल तर ही बिनदिक्कत घ्या. फक्त एकीचा चार्ज दुसरीत वापरायचा नाही, कितीही जवळच्या वाटल्या तरी.

दांड्यांच्या पावडरी

आयएमआर 4227 आणि अ‍ॅक्युरेट 5744 या दोन्ही पेन्सिलच्या शिशाच्या बारीक तुकड्यांसारख्या दिसतात. 5744 कमी दाबाच्या चार्जसाठी नावाजलेली आहे. पुंगळी अर्धी रिकामी असली तरी ती पेटते, पण न जळलेले दाणे मागे ठेवते. बोल्ट-अ‍ॅक्शनमध्ये त्याचं काही वाटत नाही, गॅसच्या रायफलीत ते दाणे नको तिथे जाऊन बसतात. 4227 सौम्य आहे आणि माझ्या हाती तिने चांगले गट दिले आहेत, पण नेमका चार्ज हवा असेल तर वजनकाटा सोडता येत नाही. ट्रेल बॉसची फुगीर, कड्यासारखी पावडर इथे विसरा. ती दाबून बसवायची नसते आणि खोल बसलेल्या 220 ग्रेनच्या गोळीखाली तिला जागाच उरत नाही.

पावडर निवडण्याआधी नळीचे आटे पाहून घ्या. आवाजाखालच्या वेगात एवढी लांब गोळी स्थिर राहायला 1:8 किंवा 1:7 चा पीळ (आठ किंवा सात इंचांत एक फेरा) लागतो. सायलेन्सर लावून मारणार असाल तर हे जास्तच महत्त्वाचं, कारण डगमगणारी गोळी त्याच्या आतल्या चकत्यांना जाऊन भिडते. पिळाची उणीव कोणतीही पावडर भरून काढत नाही.

चार्जचे आकडे मी इथे देत नाही, मुद्दामच. ते पावडर बनवणाऱ्याच्या चालू माहितीतून, त्याच गोळीसाठी छापलेले, सुरुवातीच्या चार्जपासून घ्यायचे. आणि .300 ब्लॅकआउटची काडतुसं .223 च्या डब्यात किंवा मॅगझिनमध्ये कधीच मिसळू देऊ नका. हलक्या गोळीचं काडतूस .223 च्या चेंबरमध्ये बसू शकतं, आणि चाप ओढला तर रायफल फुटते.

दोन पावडरींत अडकला असाल तर दोन्हींची पाच-पाच काडतुसं भरून क्रोनोग्राफसमोर (गोळीचा वेग मोजणाऱ्या यंत्रासमोर) बसा. प्रत्येक पावडरीचे बार दोन प्रकारे करा: एकदा नळी आधी जमिनीकडे झुकवून मग हळूच आडवी आणा, म्हणजे पावडर गोळीकडे सरकते. दुसऱ्यांदा सुरक्षित दिशेला नळी वर करून मग आडवी आणा, म्हणजे ती प्रायमरकडे, पुंगळीच्या बुडातल्या ठिणगी देणाऱ्या टोपीकडे, बसते. दोन्ही वेळा वेग जवळपास सारखा आला तर पावडर जागेबाबत हट्टी नाही. फरक मोठा पडला तर ती पावडर त्या पुंगळीसाठी बाद. मग मॅगझिनमध्ये एकच काडतूस घालून बार करा. बोल्ट मागेच अडकून राहिला तर गॅस पुरेसा आहे, तीच पावडर ठेवा. पुढे येऊन बंद झाला तर गॅस कमी आहे, संथ पावडरीकडे वळा. हीच चाचणी थंडीच्या दिवशी पुन्हा करा, कारण बॉल पावडरी गारठ्यात वेग गमावतात आणि उन्हाळ्यात फिरणारा बोल्ट तेव्हा अर्ध्यातच थांबू शकतो.