सिलिकॉन डायलेटर सेट: रेडिएशन झालेल्या बायकांनी घ्यावा का

आधीच सांगते, मला गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर होता, बाहेरून रेडिएशन झालं आणि मग आतून ब्रेकीथेरपी (योनीमार्गातून आत ठेवून दिलेलं रेडिएशन), त्यामुळे हा रिव्ह्यू त्याच नजरेने वाचा. डायलेटर म्हणजे योनीमार्ग आखडू नये म्हणून थोडा वेळ आत ठेवायची गुळगुळीत नळकांडी. सेट चांगलाय. पाच साईझ, मऊ सिलिकॉन, धरायला खाली रुंद बूड, कोमट पाणी आणि साध्या साबणाने धुऊन कोरडं केलं की झालं. चार स्टार.

हे कशाला लागतं तेच कितीतरी जणींना कोणी सांगत नाही. रेडिएशनने योनीमार्गाचं आतलं अस्तर पातळ, कोरडं होतं, मग हळूहळू फायब्रोसिस होऊन (म्हणजे आतला भाग व्रणासारखा कडक होऊन) जागा आखडते, लांबीलाही कमी होते, कधीकधी समोरासमोरच्या भिंती चिकटतात, आणि हे ट्रीटमेंट संपल्यावरही पुढे चालूच राहतं. लोकांना वाटतं डायलेटर म्हणजे फक्त संबंधांसाठी, आता या वयात कशाला. अहो पण फॉलोअपला डॉक्टरांना आत बघायचं असतं ना! जागाच उरली नाही तर तपासणी इतकी दुखते की बायका ती टाळायला लागतात, मग परत काही झालं तर कळणार कसं?

एक स्टार कापला तो सोबतच्या माहितीपत्रकासाठी. ते सगळं व्हजायनिस्मसवाल्यांना (ज्यांचे योनीमार्गाचे स्नायू आपोआप आवळतात त्यांना) धरून लिहिलंय, छोट्यापासून सुरू करा, एकेक साईझ वाढवत सगळ्यात मोठ्यापर्यंत पोचा वगैरे. आपल्याला कुठे पोचायचं नाहीये, आहे ती जागा टिकवायचीय, आणि कुठली साईझ ते आपली नर्स किंवा डॉक्टर तपासून सांगतात. रेडिएशन चालू असताना किंवा आत सूज, जखम असताना वापरायचा नाही हेही त्यात नाही. साधारणपणे संपल्यावर २ ते ८ आठवड्यांनी सुरू करायला सांगतात, आठवड्यातून २-३ वेळा, ५-१० मिनिटं. वंगण पाण्याचं बेस असलेलंच घ्या, सिलिकॉनच्या वंगणाने हे सिलिकॉन खराब होतं. नंतर थोडा गुलाबी डाग दिसला तर घाबरू नका, पण जास्त रक्त गेलं किंवा खूप दुखलं तर थांबा आणि फोन करा.

आणि हो, पुरावा म्हणाल तर तो काही भक्कम नाही. कोक्रेन (उपचारांवरचे अभ्यास एकत्र तपासणारी संस्था) च्या २०१४ च्या आढाव्यात डायलेटरमुळे आखडणं नक्की टळतं असं सिद्ध झालेलं नाही. तरी मी वापरते, कारण माझी तपासणी आता बरीच सोपी जाते, पण कोणी जादू म्हणून विकत असेल तर विश्वास ठेवू नका.

जादू नाहीच, कारण बाकीचा त्रास तसाच राहतो. कोरडेपणाला व्हजायनल मॉइश्चरायझर वेगळं लागतं, इस्ट्रोजेन क्रीम चालेल का ते डॉक्टरांना विचारायचं. अंडाशयांना रेडिएशन लागलं की पाळी जाते, मग अंगातून वाफा, झोप नाही, हाडं ठिसूळ. वर तो थकवा, आणि पोटाचं तर विचारूच नका, घाईची लागली की बाथरूम कुठेय ते आधी शोधायचं. आता रेडिएशन झालंय म्हणजे चालायचंच असं म्हणून गप्प बसू नका, सततच्या जुलाबांमागे बाईल ॲसिड (पित्तातलं आम्ल) आतड्यात नीट शोषलं न जाणं असू शकतं आणि त्यावर औषध आहे. शौचातून रक्त आलं आणि दुसऱ्या डॉक्टरकडे गेलात तर ओटीपोटाला रेडिएशन झालंय हे पहिलं सांगा, कारण तिथल्या आतड्याच्या पुढच्या भिंतीची बायोप्सी घेतली तर जखम न भरता फिस्टुला (आतडं आणि योनीमार्ग यांच्यात भोक) व्हायचा धोका असतो.

परत सेटकडे. मऊ असल्यामुळे आत घालताना बोचत नाही, कडक प्लास्टिकवाल्यापेक्षा हा मला जास्त जमतो, पण टोक वाकतं, म्हणून वरच्या बाजूला चिकटलेलं असेल तर कडकवाला बरा पडेल, नर्सला विचारून घ्या. तिसऱ्या आणि चौथ्या साईझमधला फरक फारच मोठाय, मध्ये एक हवी होती. पाऊच मात्र इतका पातळ की आतलं सगळं आरपार दिसतं, प्रवासात न्यायचा तर दुसरी जाड पिशवी घ्याच.