बांबूचं धनुष्य, १४ महिने वापरून: दोरी रोज उतरवायची का?

माझी मुलगी आठवीत आहे, तिरंदाजीतला इंडियन राउंड खेळते. त्यात बांबूचंच धनुष्य लागतं, म्हणून मागच्या वर्षी जूनमध्ये एकाच कारागिराकडून दोन सारखी धनुष्यं करून घेतली, एक तिला आणि एक मला. मैदानावर बाकीचे पालक हमखास विचारतात, "ताई, दर वेळी दोरी उतरवता, पुन्हा चढवता. खरंच गरज आहे का?" आहे. माझं स्वतःचं धनुष्य बिघडल्यावर मला ते पटलं.

आणली तेव्हा दोन्ही ३० पौंडांची होती, म्हणजे पूर्ण ओढायला तेवढा जोर लागायचा. घरी मी सामान तोलायचा हुकचा काटा वापरते. २६ इंच ओढल्यावर काटा १३.६ किलो दाखवायचा. दुसरं मोजमाप त्याहून सोपं. दोरी काढलेल्या धनुष्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सुती धागा ताणून धरायचा आणि मुठीपाशी तो धनुष्यापासून किती सुटतो ते पट्टीने बघायचं. नवीन असताना ५ मिमी होतं, म्हणजे जवळपास सरळ.

दिवाळीत आम्ही नऊ दिवस गावाला गेलो. मुलीने तिच्या धनुष्याची दोरी उतरवून ठेवली होती. माझं घाईत चढवलेलंच खुंटीला राहिलं. परत येऊन दोरी काढली तर धनुष्य सरळ व्हायलाच तयार नाही, बाक तसाच. धागा धरला, ४८ मिमी. रात्रभर आडवं ठेवलं, सकाळी ३६ वर आलं आणि तिथेच थांबलं. काटा १२.१ किलो दाखवत होता. ३० मीटरवर तोच नेम धरून मारलेले बाण वीतभर खाली लागायला लागले. मुलीचं त्याच दिवशी मोजलं, ११ मिमी. बांबू तोच, कारागीर तोच, सरावही जवळजवळ तेवढाच.

कारण बांबूच्या घडणीतच आहे. त्याचे चिवट धागे बाहेरच्या सालीकडे दाट असतात, म्हणून साल लक्ष्याच्या बाजूला ठेवतात. तिथे ताण येतो आणि तो ती सोसते. आपल्याकडची बाजू, म्हणजे धनुष्याचं पोट, मात्र दाबलं जातं. बाण सोडण्यापुरता दाब आला तर धागे सावरतात. दिवसेंदिवस तोच दाब राहिला तर दबलेले राहतात, आणि तेवढा जोर कायमचा जातो. हवेत ओल असली की बांबू आणखी नरम पडतो. मुलीच्या धनुष्याचं ११ चं आज १८ मिमी झालंय, त्यातली बहुतेक वाढ गेल्या जुलैतली आहे. त्यामुळे पावसाळ्यात सराव थोडा कमी आणि दोरी जास्त वेळा खाली, असं आम्ही ठरवून टाकलंय.

पण दर पाच मिनिटांनी उतरवू नका. बाण काढून आणेपर्यंत असू द्या. अर्ध्या तासाच्या वर थांबायचं असेल तर उतरवा. दोरी चढवणं हेसुद्धा धनुष्यासाठी जोखमीचं काम आहे. मी सुरुवातीला पाय आत घालून, मांडीवर वाकवून चढवायची. त्यात खालचं टोक पीळ खाऊन किंचित फिरलं. आता धनुष्य डोळ्यासमोर उभं धरलं की दोरी खालच्या बाजूला मधोमध न जाता डावीकडे जाते. तो पीळ गेलेला नाही. त्यानंतर स्ट्रिंगर, म्हणजे दोरी चढवायचं साधन, करून घेतला. जाड नायलॉनची दोरी, दोन टोकांना चामड्याच्या टोप्या, चप्पल शिवणाऱ्या काकांनी शिवून दिल्या. टोप्या धनुष्याच्या टोकांना घालून या नायलॉनच्या दोरीवर पाय ठेवायचा, मूठ सरळ वर उचलायची, वरचा फास खाचेत सरकवायचा. मुलगी एकटी करते.

उतरवताना खालचा फास खाचेतच राहू द्यावा आणि वरचा धनुष्यावर खाली सरकवावा. दोरी पूर्ण काढली की तिचे पीळ सुटतात आणि पुढच्या वेळी ब्रेस हाइट, म्हणजे चढवलेल्या दोरीचं मुठीपासूनचं अंतर, बदलते. चढवल्यावर लगेच पूर्ण ओढायचं नाही. आधी दहा-बारा वेळा अर्ध्यापर्यंत, बांबू जागा होईपर्यंत. बाण न लावता ओढून सोडायचं तर कधीच नाही. लहान मुलं हमखास ते करतात, त्यांच्याकडे लक्ष ठेवा.

आम्हाला एका दुकानदाराने सांगितलं होतं, "चढवलेलंच ठेवा, काही होत नाही." फायबरग्लासच्या थराच्या धनुष्याला ते बऱ्यापैकी लागू आहे. तसं एक आमच्याकडे आहे. स्पर्धेत सहा दिवस चढवलेलं राहिलं, धाग्याने मोजून काहीच फरक नाही. त्याचा शत्रू उष्णता. मे महिन्यात, अमरावतीच्या उन्हात, बंद गाडीत ते दुपारभर राहिलं. डिंक सैल होऊन वरच्या टोकाजवळ थर उचलला गेला, फटीत नख जातं. ते आम्ही आता ओढत नाही, कारण भर ताणात थर सुटला तर थेट तोंडाजवळ सुटेल. तेव्हा फायबर असो की बांबू, गाडीत ठेवायचं नाही.

घरात दोन खुंट्यांवर आडवं ठेवतो, दोरी उतरवून, स्वयंपाकघरापासून लांब. कोपऱ्यात उभं टेकवलं की सगळा भार खालच्या टोकावर येतो. महिन्यातून एकदा खाली पांढरा भुसा पडलाय का बघते. घुण लागला तर बाहेरून बांबू चांगला दिसतो आणि आतून पोकळ होत जातो. आमचे कारागीर पावसाळा संपल्यावर, थंडीत, अवसेच्या आसपास तोडलेलाच बांबू घेतात. थंडीतल्या बांबूत कीड लागायला खाणं कमी असतं. अवसेचा भाग त्यांच्या वडिलांपासून चालत आलाय, आणि आमच्या दोन्ही धनुष्यांना अजून कीड लागलेली नाही.

पुन्हा घ्यायचं तर याच कारागिराकडून घेईन. माझ्या धनुष्यावर मी आता हलक्या हाताने जवळचा सराव करते. या थंडीत नवीन सांगायचं आहे, ३२ पौंडांचं, म्हणजे थोडा बाक बसला तरी ३० च्या आसपास राहील.