बीजी-2 कपाशी, चार एकर, जून ते फेब्रुवारी: वहीतला हिशेब

खरीप 2024 ला चार एकर कोरडवाहू शेतात बीजी-2 कपाशी टोबली, म्हणजे बोंडअळीला मारणारे दोन जनुक घातलेलं बीटी बियाणं. यवतमाळ जिल्हा, मध्यम काळी जमीन. एकरी दोन याप्रमाणे आठ पाकिटं, एक 864 रुपयांचं. या हंगामात पहिल्यांदाच प्रत्येक खर्च त्याच दिवशी वहीत टिपला, म्हणून खात्रीनं लिहितो आहे.

आधी चांगलं सांगतो. हिरव्या बोंडअळीचा बंदोबस्त हे बियाणं आजही चोख करतं. 2002 मध्ये बीटीला परवानगी मिळाली, त्याआधीची आमची पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, मला आठवते. बाबा पाठीवर पंप घेऊन फवारून फवारून थकायचे, तरी सकाळी ओळींमध्ये पात्यांचा, म्हणजे कोवळ्या कळ्यांचा, सडा पडलेला असायचा. कापूस विकूनही औषधाची उधारी फिटत नसे. या हंगामात चारही एकरांत मला हिरवी अळी दिसली नाही. बीटीनं शेतकऱ्याला काहीच दिलं नाही, हे मला म्हणूनच पटत नाही. सुरुवातीच्या वर्षांत फवारणीचे पैसे वाचले, बोंडं टिकली, आमच्या घरावर स्लॅब पडला तो त्याच काळात.

गुलाबी अळीपुढे मात्र हे बियाणं आता टिकत नाही. पोळ्यानंतर पंधरवड्यानं डोमकळ्या दिसू लागल्या. पाकळ्या एकमेकींना चिकटलेल्या, उलगडून पाहिलं की आत बारीक अळी. ऑक्टोबरात एक टणक, हिरवंगार बोंड फोडलं. बाहेरून छिद्र नाही, डाग नाही. आत दोन सरक्या एकमेकींना जोडलेल्या, रुई पिवळी पडलेली आणि मधोमध गुलाबी अळी. 2017 ला आमच्या जिल्ह्यानं हिचा तडाखा पाहिलाय, त्याच वर्षी फवारताना विषबाधा होऊन माणसंही गेली. आपल्याकडचे बरेच संकरित वाण शेतात 160 ते 180 दिवस उभे राहतात. तितके दिवस अळीला खायला मिळतं, आणि फरदड ठेवली, म्हणजे वेचणी संपल्यावरही आणखी कापसासाठी तीच झाडं राखली, तर आणखी. मी मादीच्या वासानं नर पतंग ओढणारे कामगंध सापळे लावले, पाच फवारण्या केल्या, मास्क-हातमोजे घालूनच.

आता पैशाचं. चार एकरांत 26 क्विंटल कापूस निघाला. 8 क्विंटल दिवाळीच्या तोंडावर मजुरांचे पैसे द्यायला खेडा खरेदीत, म्हणजे गावात येणाऱ्या व्यापाऱ्याला, 6,800 नं द्यावा लागला. 14 क्विंटल हमीभावाच्या केंद्रावर नेला. भाव 7,521, पण ओलावा 10 टक्के भरला, कपात होऊन 7,370 पडले. शेवटच्या वेचणीचा 4 क्विंटल कवडी, म्हणजे अळीनं डागाळलेला, कापूस 5,500 नं गेला. अळीनं माझं नुकसान केलं ते इथं, क्विंटलमागं जवळपास दोन हजारांचं. एकूण आले 1,79,580.

खर्च: बियाणं 6,912, खत 22,000, नांगरणी ते डवरणी 20,000, निंदण 18,000, फवारणी 19,600, वेचणी 25,400, वाहतूक 4,000. म्हणजे 1,15,912. उरले 63,668, एकरी 15,900 च्या आसपास. त्यात माझी आणि घरच्यांची आठ महिन्यांची मजुरी धरलेली नाही.

हे आकडे मांडल्यावर मी बराच वेळ वहीकडे बघत बसलो. पाकिटाचा भाव थोडासा जरी वाढला की आम्ही कृषी केंद्रावर वाद घालतो. खर्चाच्या शंभर रुपयांत बियाण्याचे फक्त 6 आहेत, वेचणीचे 22. एकेकाळी अळीवर वाचलेला पैसा आता वेचणी, निंदण आणि गुलाबी अळीच्या फवारणीत जातो. कोरडवाहूत एकरी साडेसहा क्विंटलवर हा भार पेलत नाही. पाऊस लांबला असता तर याहूनही कमी उरलं असतं.

निंदणाचा खर्च बघून चोरबीटीचा, म्हणजे तणनाशक मारलं तरी न मरणाऱ्या चोरट्या बियाण्याचा, मोह होतो, हे मला कळतं. तणनाशक मारा, निंदण वाचवा, असं सांगणारा माणूस मे महिन्यात माझ्याकडेही आला होता. मी घेतलं नाही. त्या बियाण्याला परवानगी नाही, पावती मिळत नाही, उगवलं नाही तर तक्रार कुठे करणार?

पुढच्या हंगामात पुन्हा बीजी-2 च लावणार, पण अडीच एकरच, आणि लवकर फुटणारा वाण. उरलेल्या दीड एकरात तूर आणि सोयाबीन. फरदड ठेवली नाही. शेवटच्या वेचणीनंतर पऱ्हाट्या उपटल्या, रोटाव्हेटर फिरवला, शेत आता मोकळं आहे.