तांबड्या खारीसाठी कॅमेरा की पिंजरा?

मँचेस्टर सोडून इकडे वायव्य इंग्लंडमधल्या कंब्रियात राहायला आलेल्या एका मित्राने परवा फोनवर विचारलं, "तांबड्या खारी वाचवायच्या कामाला स्वयंसेवक म्हणून नाव द्यायचंय. कॅमेऱ्याला देऊ की पिंजऱ्याला?" मी दोन्ही केलंय. आधी दोन वर्षं कॅमेरा, आणि पिंजऱ्याचा हा तिसरा हिवाळा. फोनवर नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहितो. १८७६ मध्ये चेशरच्या हेनबरी पार्कात शोभेसाठी सोडलेल्या अमेरिकेतल्या करड्या खारींनी पुढे इथल्या तांबड्यांना कसं हुसकावलं, ते इथे राहणाऱ्याला सांगायला नको.

कॅमेऱ्याचं काम, म्हणजे करडी कुठे दिसली ते फोटोंवरून कळवायचं काम, गोड आहे. रविवारी सकाळी जंगलात जायचं, फीडरमध्ये, म्हणजे खारींच्या खाऊच्या पेटीत, हेझलनट आणि सूर्यफुलाच्या बिया भरायच्या, कॅमेऱ्यातलं कार्ड बदलायचं आणि घरी येऊन चहा घेत फोटो बघायचे. मुलं मांडीवर येऊन बसतात. तांबडी खार फीडरचं झाकण डोक्याने उचलून आत घुसते, ते पाहून आठवडाभराचा शीण जातो. आईला फोटो पाठवला तर तिला शेकरूच वाटलं. भीमाशंकरला पाहिलेलं शेकरू मांजराएवढं असतं आणि ही जेमतेम तीनशे ग्रॅमची, हे सांगूनही तिचं शेकरू काही सुटलं नाही.

या कामात कटकटी आहेत, पण त्या निभतात. एका आठवड्यात अकराशे फोटो निघाले आणि त्यातले हजारेक वाऱ्याने हलणाऱ्या नेच्याच्या एका पानाचे होते. पुढच्या रविवारी विळा घेऊन गेलो, मिटलं.

जे मिटलं नाही ते असं. फेब्रुवारीतल्या एका रविवारी रात्री कार्ड लावलं. मंगळवार, सकाळी ७ वाजून ५२ मिनिटं: फीडरवर तांबडी, कानांवर हिवाळ्यातले झुपके. त्याच मंगळवारी ८ वाजून १९ मिनिटं: त्याच झाकणाखाली डोकं घातलेली करडी. म्हणजे पाच दिवसांची शिळी बातमी. लगेच फोटो पाठवला. पिंजरा लावणारा माणूस आला तो पुढच्या शुक्रवारी. त्याचा दोष नाही, बिचाऱ्याकडे अर्धा तालुका होता. पण करडी खार अंगावर स्क्विरलपॉक्सचा विषाणू बाळगत असू शकते. तिला सहसा त्याचं काही होत नाही, तांबडी मात्र दोनेक आठवड्यांत जाते. आणि मी दोघींना एकाच ताटात वाढत होतो.

मार्चमध्ये बीचच्या झाडाच्या बुंध्याशी एक तांबडी बसलेली दिसली. डोळ्यांभोवती आणि ओठांवर खपल्या. मी दोन पावलांवर गेलो तरी ती हलली नाही. फोटोतली तीच की दुसरी, सांगता येणार नाही. रोग माझ्याच फीडरवरून लागला, असंही ठामपणे म्हणता येणार नाही. फीडर उतरवला, जंतुनाशकाने धुतला आणि गॅरेजमध्ये उपडा घातला. लिव्हरपूलजवळच्या फॉर्मबीच्या पाइनच्या जंगलात २००८ मध्ये याच रोगाने बहुतेक तांबड्या खारी गेल्या, हे वाचून माहीत होतं. पण वाचलेलं वेगळं आणि ती बसलेली खार वेगळी.

आता पिंजरा. आपल्या घरी माळ्यावर असायचा तो उंदराचा पिंजरा आठवा, साधारण तीच जात, आकाराने मोठी. आधी चार-पाच दिवस दार बांधून उघडं ठेवायचं आणि आत मका-शेंगदाणे टाकायचे, म्हणजे खारीची भीड चेपते. मग दार मोकळं करायचं. त्यानंतर मात्र रोज दोन फेऱ्या. डिसेंबरात इथे साडेआठला उजाडतं आणि चारच्या आत अंधारतं, तेव्हा नोकरी सांभाळून हे जमवणं सोपं नाही. तांबडी अडकली तर तत्काळ सोडायची, आणि ओळख रंगावरून करायची नाही. उन्हाळ्यात करडीच्या पायांवर, कुशीवर चांगली तांबूस झाक असते. शेपटीची पांढरी कड बघायची.

पिंजऱ्याचं सांगितल्यावर आईने दोनच शब्द विचारले, "आणि मग?"

हाच खरा प्रश्न आहे आणि तो टाळून कुणी या कामाला येऊ नये. पकडलेली करडी खार परत सोडणं इथे कायद्याने गुन्हा आहे. म्हणजे तिला मारावं लागतं, तेही कायद्यात बसेल अशा रीतीने. पाण्यात बुडवून वगैरे नाही. आमच्याकडे सोय अशी की मी पिंजऱ्यावर पोतं टाकतो, म्हणजे आतली खार शांत होते, आणि फोन करतो. शिकलेला माणूस तासाभरात येतो. मी स्वतः अजून हात लावलेला नाही. माळकरी घरातला आहे, पहिल्या खारीनंतर दोन दिवस जेवण गोड लागलं नव्हतं. आता लागतं, आणि याचंही कधी कधी वाईट वाटतं.

तरीही पिंजरा का, तर सकाळी दिसलेली करडी दुपारपर्यंत तिथे नसते. शिळं काही उरत नाही. शिवाय, वाटतं त्याच्या उलट, पिंजरा माणसाला कमी बांधतो. गावाला जायचं तर दार बंद करून कुलूप घालायचं, कुणाचं अडत नाही. कॅमेऱ्याचं कार्ड मात्र टेबलावर पडून डोळे वटारत असतं. आणि वेल्समधल्या अँगलसी बेटाचं उदाहरण आहेच. १९९८ च्या सुमारास तिथे चाळीसेक तांबड्या उरल्या होत्या. करड्या हटवायचं काम चिकाटीने चाललं, २०१५ मध्ये बेट करड्यांपासून मुक्त झाल्याचं जाहीर झालं आणि तांबड्या सातशेवर गेल्या. बेटाला समुद्राचं कुंपण आहे, आपल्याला नाही, हा फरक मान्य.

लहान मुलं असतील, नोकरीसाठी रोज कार्लाइलला जावं लागत असेल, किंवा "आणि मग?"चं उत्तर पोटात मावत नसेल, तर कॅमेराच घ्या. त्यात कमीपणा नाही, कॅमेरेवाल्यांशिवाय आम्ही पिंजरेवाले आंधळे. फक्त पहिल्याच दिवशी विचारा, करडी दिसल्यावर कोण येणार आणि किती तासांत? उत्तर "बघू" असं आलं, तर फीडर भरण्याआधी थोडा विचार करा.

पिंजऱ्याकडे मन झुकत असेल, तर फेब्रुवारीत सुरुवात करा. शरद ऋतूत जमिनीवर हेझलनट आणि ओकफळांचा सडा असताना तुमच्या शेंगदाण्यांना कोण विचारतं? माझ्या गॅरेजमध्ये एक जादा पिंजरा आहे. दार जरा अडखळत होतं, तेल घालून ठेवलंय.