कोल्हापुरातल्या ग्रंथालयांत कोहा : वर्षभराहून अधिक वापरानंतर

आधी मत सांगते, मग कारणं. कोहा हे ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर उत्तम आहे. आमच्या महाविद्यालयात ते रोज चालतं आणि ते सोडून दुसरीकडे जायचा विचार माझ्या मनात नाही. पण ते शिकवायची जी पद्धत सगळीकडे रूढ झालीय, तिनं ग्रंथपाल कोहाकडे येण्याऐवजी दूर जातात. आमच्या महाविद्यालयात कोहा बसल्यापासून मी शनिवारी दुपारी शहरातल्या आणि आसपासच्या तालुक्यांतल्या ग्रंथपालांना ते शिकवतेय. त्यात कॉलेजचे आहेत, सार्वजनिक वाचनालयांचेही आहेत. त्या अनुभवावरून एक गोष्ट ठामपणे सांगू शकते. कोहा देवघेवीच्या टेबलावरून शिकवायला हवं, सर्व्हरपासून नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. कोहा १९९९ मध्ये न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ लायब्ररी ट्रस्टसाठी काटिपो कम्युनिकेशन्स या कंपनीनं तयार केलं. त्या ग्रंथालयाची जुनी प्रणाली सन २००० उजाडल्यावर चालेल याची खात्री नव्हती. जानेवारी २००० मध्ये कोहा तिथं सुरू झालं आणि जीपीएल या मुक्त स्रोत परवान्याखाली सगळ्यांसाठी खुलं झालं. आज त्याची नवी आवृत्ती दर मे आणि नोव्हेंबरमध्ये येते. परवान्याचे पैसे नाहीत, किती पुस्तकं, किती सभासद याला मर्यादा नाही, आणि आपला डेटा कधीही पूर्ण बाहेर काढता येतो. माझ्या दृष्टीनं या शेवटच्या मुद्द्याचं मोल सगळ्यात जास्त आहे. कंपनी बंद पडली आणि नोंदी आतच अडकल्या, हे आपल्याकडे अनेक ग्रंथालयांनी भोगलंय.

कोल्हापूर हे ग्रंथालयांचं गाव आहे, हे मी अभिमानानं सांगते. करवीर नगर वाचन मंदिर १८५० सालचं. सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा कोल्हापूर संस्थानानं १९४५ मध्येच केला, महाराष्ट्राचा कायदा त्यानंतर १९६७ मध्ये आला. अशा जिल्ह्यात संगणकीकरण म्हणजे एक्सेलची यादी एवढ्यावर थांबणं बरं दिसत नाही. महाविद्यालयांवर तर नॅकच्या, म्हणजे महाविद्यालयांना मानांकन देणाऱ्या संस्थेच्या, मूल्यांकनाचा रेटा आहेच, कारण ग्रंथालय स्वयंचलित आहे का, कोणतं सॉफ्टवेअर, कोणती आवृत्ती, हे त्यात थेट विचारलं जातं. त्या घाईत सॉफ्टवेअर बसतं, पण माणसं तयार होत नाहीत.

याचं कारण बहुतेक कार्यशाळांच्या आखणीत आहे. पहिला दिवस लिनक्स आणि इन्स्टॉलेशन, दुसरा दिवस मार्क २१ ची (म्हणजे पुस्तकाच्या नोंदीच्या प्रमाणित साच्याची) फील्ड, तिसऱ्या दिवशी दुपारी घाईघाईनं देवघेव, मग प्रमाणपत्र आणि फोटो. अशा कार्यशाळा केलेले कितीतरी ग्रंथपाल मला भेटलेत. काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप केल्याचं त्यांना आठवतं, पण परत आल्यावर एकानंही कोहा सुरू केलेलं नव्हतं. दोष त्यांचा नाही. वीस-पंचवीस वर्षं ग्रंथालय सांभाळलेल्या माणसाला तुम्ही पहिल्याच तासाला त्याला न येणाऱ्या कामात ढकललंत, तर त्याला आपण या कामाचे नाहीच असं वाटणार. इन्स्टॉलेशन हे एकदाच करायचं काम आहे. ते संगणक विभागातल्या शिक्षकानं किंवा जाणकार मुलानं केलं तर काही बिघडत नाही. देवघेव रोज करायची आहे आणि ती ग्रंथपालानंच करायची आहे.

आमच्या पहिल्या वर्गात एका वाचनालयातल्या ज्येष्ठ बाई म्हणाल्या, "मॅडम, ते मागचं सगळं राहू दे. माणूस पुस्तक घेऊन पुढ्यात उभा राहिला की काय करायचं, तेवढं आधी सांगा." आम्ही तिथूनच सुरुवात केली. सभासद क्रमांक टाका, पुस्तकाचा बारकोड स्कॅन करा, परतीची तारीख दिसली की झालं. मग परत घेणं, मग मुदतवाढ, मग राखून ठेवणं. पुढच्या शनिवारी फक्त अडचणी घेतल्या. सभासदाची मुदत संपलीय, पुस्तक दुसऱ्यानं राखून ठेवलंय, ठरलेल्यापेक्षा जास्त पुस्तकं मागतोय, अशा वेळी कोहा पिवळी चौकट दाखवून सावध करतं किंवा विचारतं. ही चौकट आली की लोक घाबरून खिडकीच बंद करतात. म्हणून ती मुद्दाम पुन्हा पुन्हा आणायची, मोठ्यानं वाचायची आणि मग ठरवायचं, असा सराव घेतला. एका कॉलेजातले शिपाईमामा यात सगळ्यांच्या पुढे गेले. संध्याकाळी काउंटर तेच सांभाळतात, त्यामुळे त्यांना शिकवलं नसतं तर ग्रंथपाल रजेवर गेल्याच्या दिवशी वही परत बाहेर आली असती. प्रशिक्षणाला फक्त ग्रंथपालांना बोलावतात, ही मला मोठी उणीव वाटते. निर्गमन सहायक आणि शिपाई आले पाहिजेत.

दुसरं पथ्य म्हणजे सराव स्वतःच्या पुस्तकांवर करायचा. नमुन्याच्या डेटात इंग्रजी पुस्तकं असतात, आणि ती पाहून आपल्याकडच्या अडचणी कळतच नाहीत. प्रत्येकानं येताना आपल्या दाखल नोंदवहीतली काही पानं एक्सेलमध्ये भरून आणायची, असं मी सांगते. खरी कसोटी तिथं लागते.

ही कसोटी म्हणजे मराठी नोंदी, आणि यावर मी सविस्तर लिहिणार आहे, कारण याबद्दल कुठं नीट लिहिलेलं सापडत नाही. जुना डेटा अनेकदा श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये टाइप केलेला असतो. आपल्या संगणकावर तो मराठी दिसतो, दुसरीकडे नेला की निरर्थक इंग्रजी अक्षरं. तो आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावा लागतो, आणि बदलल्यावर जोडाक्षरं एकेक तपासावी लागतात. मग एक्सेलमधून मार्कएडिटमध्ये, म्हणजे यादीच्या मार्क नोंदी करून देणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, नेताना साधी टॅब-विभक्त टेक्स्ट फाइल केली, की सगळं देवनागरी प्रश्नचिन्हांत बदलतं. फाइल यूटीएफ-८ या युनिकोडच्या स्वरूपातच साठवायची. एवढं एक वाक्य लक्षात ठेवलं तरी कित्येक आठवड्यांचं काम वाचतं.

त्याहून अवघड आहे ते डोळ्यांना न दिसणारं. 'ॲड.' मधलं पहिलं अक्षर दोन तऱ्हांनी टाइप होतं, एक अखंड 'ॲ' आणि दुसरं 'अ'वर चंद्र देऊन केलेलं. दिसायला एकच, संगणकाच्या लेखी दोन. 'शेतकऱ्यांसाठी' मधला अर्धा 'र' तसाच. कीबोर्ड बदलला की त्याच्यामागची अक्षरं बदलतात. आपल्या भागात शेतीची पुस्तकं भरपूर, त्यामुळे ही अडचण पहिल्याच यादीत येते. एका ग्रंथालयात दोघांनी दोन वेगळ्या कीबोर्डवर नोंदी केल्या होत्या. तिथं लेखकांच्या यादीत एकच नाव दोनदा दिसायचं आणि कारण कोणालाच कळेना. उपाय साधा आहे. नोंदी सुरू करण्याआधी सगळ्यांनी एकच कीबोर्ड ठरवायचा. आम्ही इन्स्क्रिप्ट हा भारतीय लिप्यांचा प्रमाणित कीबोर्ड ठरवला. शिकायला पंधरवडा जातो, पण तो कारणी लागतो. शिवाय कोहाच्या झेब्रा या शोधयंत्रणेची मूळ मांडणी रोमन लिपी धरून आहे. देवनागरीसाठी आयसीयू (युनिकोडमधल्या सगळ्या लिप्या ओळखणाऱ्या) पद्धतीची मांडणी निवडून पुन्हा अनुक्रमणी करावी लागते. कोहा बसवून देणाऱ्याला हे पहिल्याच दिवशी सांगा.

लेखकांच्या नावांचंही तसंच. आपले वि. स. खांडेकर घ्या. एकीकडे 'खांडेकर, वि. स.', दुसरीकडे 'खांडेकर, विष्णू सखाराम', तिसरीकडे 'वि. स. खांडेकर'. वाचकाला एकाच शोधात सगळी पुस्तकं मिळायला हवीत. कोहातल्या प्रमाण-नावांच्या नोंदी यासाठीच आहेत. नाव एकदा ठरवायचं आणि बाकीची रूपं त्याला जोडून द्यायची. हे काम कंटाळवाणं वाटतं, पण ग्रंथपालाचं खरं कौशल्य इथंच दिसतं, आणि या भागात ज्येष्ठ मंडळी तरुणांना मागे टाकतात. कोणत्या टोपणनावामागं कोण आहे, हे त्यांना पाठ असतं.

दुसऱ्या ग्रंथालयांतून तयार नोंदी ओढून घ्यायची झेड ३९.५० ही सोय इंग्रजी पाठ्यपुस्तकांसाठी फार उपयोगी आहे. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकावर छापलेला आंतरराष्ट्रीय क्रमांक, टाकला की पूर्ण नोंद समोर येते. मराठीसाठी मात्र तिच्यावर विसंबू नका. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये मराठी पुस्तकं भरपूर आहेत, पण नोंदी रोमन लिपीत, अक्षरांवर टिंबं आणि रेघा देऊन लिहिलेल्या असतात. आपल्या वाचकाला त्या सापडणार नाहीत. जुन्या मराठी पुस्तकांवर आयएसबीएनही नसतो. म्हणून मराठी नोंदी हातानंच करायच्या आणि शेजारच्या ग्रंथालयाशी वाटून घ्यायच्या. आमच्या शनिवारच्या गटात हे सुरू झालंय. एकानं नोंद केली की मार्क फाइल दुसऱ्याला देतो, आणि दुसऱ्यानं फक्त आपला दाखल क्रमांक आणि किंमत भरायची.

सार्वजनिक वाचनालयांची अडचण वेगळी आहे, ती म्हणजे वर्गणी. कोहाची रचना वर्षाच्या सभासदत्वाला सोयीची, आपल्याकडे वर्गणी महिन्याची आणि वर अनामत. यावर आम्ही काढलेला मार्ग असा : सभासद-प्रकाराची मुदत एक महिना आणि नोंदणी शुल्काच्या जागी मासिक वर्गणी. नूतनीकरण केलं की रक्कम आपोआप खात्यावर पडते. अनामतीसाठी सभासदाच्या माहितीत वेगळा रकाना केला. पावतीपुस्तक मात्र अजून हातीच ठेवलंय, आणि लेखापरीक्षण होईपर्यंत ते तसंच राहू द्यावं. अनुदानाच्या अहवालासाठी मराठी, हिंदी, इंग्रजी, बालवाङ्मय असे आकडे लागतात. त्यासाठी प्रत्येक प्रतीला संग्रहाचा संकेत सुरुवातीपासून द्या. मग एकदा लिहून ठेवलेल्या क्वेरीतून, म्हणजे डेटाला विचारायच्या प्रश्नातून, आकडे क्षणात निघतात. क्वेरी ग्रंथपालांनी लिहायला शिकावं असा माझा आग्रह नाही. तयार क्वेरी चालवता आली आणि उत्तर बरोबर आहे का ते पडताळता आलं, की पुरे.

ज्यांचा विश्वास बसत नव्हता तेही कोहाच्या बाजूला आले ते ग्रंथ पडताळणीमुळे. पूर्वी सुट्टीत नोंदवही उघडून एक जण क्रमांक वाचायचा, दुसरा खूण करायचा, आणि हे आठवडेच्या आठवडे चालायचं. आता स्कॅनर घेऊन कपाटापुढं उभं राहायचं, बारकोडची फाइल कोहात चढवायची, की न सापडलेल्या पुस्तकांची यादी येते. चुकीच्या कपाटात गेलेलीही कळतात. आमच्या भागातल्या एका सहकाऱ्यांना हरवली म्हणून निर्लेखनाच्या (नोंदींतून कमी करायच्या) यादीत टाकलेली बरीच पुस्तकं अशीच परत मिळाली. त्यांनी मला रात्री फोन केला, आणि तो आनंद मी विसरणार नाही.

आता उणिवा. लेबल छापताना देवनागरी जोडाक्षरं नीट उमटत नाहीत, म्हणून आम्ही लेबलवर फक्त क्रमांक छापतो. पडद्यावरचं मराठी भाषांतर अपुरं आहे. अर्ध्या सूचना मराठीत आणि अर्ध्या इंग्रजीत दिसतात, त्यानं नवखा माणूस गोंधळतो. त्यामुळे सध्या आम्ही कर्मचाऱ्यांचा पडदा इंग्रजीत आणि बाजूला मराठी तक्ता ठेवतो. आणि फुकट म्हणजे बिनखर्ची नव्हे. एक बरा संगणक, यूपीएस, स्कॅनर आणि अडचणीला धावून येणारा माणूस यांची तरतूद संस्थेच्या अंदाजपत्रकात हवी. संस्थाचालकांना हे पटवणं हा प्रशिक्षणाचाच भाग आहे, असं मी मानते. प्रत्येकाला स्वतंत्र लॉगिन आणि कामापुरतेच अधिकार द्या. सगळ्यांनी एकाच मुख्य पासवर्डवर काम करायची सवय अनेक ठिकाणी आहे. ती मोडायला सॉफ्टवेअर शिकण्यापेक्षा जास्त वेळ लागतो.

बॅकअपबद्दल मी प्रत्येक वर्गात आवाज चढवून बोलते. कोहा रोज रात्री आपोआप बॅकअप घेतं हे खरं, पण तो त्याच संगणकाच्या त्याच डिस्कवर पडतो, आणि मूळ मांडणीत जुने लवकरच पुसले जातात. २०१९ आणि २०२१ चा महापूर पाहिलेल्या कोल्हापूरकरांना यापुढं समजावायची गरज पडू नये. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. ज्या ग्रंथालयात पाणी शिरू शकतं, तिथं बॅकअपची एक प्रत नदीपासून दूरच्या इमारतीत आणि एक इंटरनेटवर असायलाच हवी. आणि ती प्रत दुसऱ्या संगणकावर उघडून पाहिल्याशिवाय तिला बॅकअप म्हणू नका. आमच्या गटात हा सराव पावसाळ्याआधी, मे महिन्यात करतो. नवी आवृत्तीही त्याच सुट्टीत चढवतो, आधी बॅकअप घेऊन.

कोणी घ्यावं? महाविद्यालयांनी आणि पूर्णवेळ माणूस असलेल्या वाचनालयांनी नक्की घ्यावं. जिथं अर्धवेळ ग्रंथपाल एकटाच आहे आणि संगणकाची देखभाल करणारं जवळ कोणी नाही, अशा लहान वाचनालयांनी स्वतःचा सर्व्हर मांडू नये. त्यांच्यासाठी राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचं ई-ग्रंथालय आहे. हे सॉफ्टवेअर मुक्त स्रोत नाही, आणि ते कोणाला, कोणत्या अटींवर मिळतं हे आधी विचारून घ्यावं. किंवा तालुक्यातल्या चार-पाच वाचनालयांनी मिळून एकच कोहा चालवावं. शाखांची सोय त्यात मुळातच आहे, प्रत्येकाची पुस्तकं आणि नियम वेगळे ठेवता येतात, आणि वाचकाला शेजारच्या गावातलं पुस्तकही दिसतं. आमच्या गटातल्या तीन वाचनालयांनी असं एकत्र यायचं ठरवलंय. कीबोर्ड ठरला, संग्रहाचे संकेत ठरले. सध्या त्यांच्या नोंदवह्यांतली लेखकांची नावं एकसारखी करायचं काम चालू आहे.