नायट्रेट काढायचंय: पाणथळ वाफ्यात ढलप्या घालाव्यात, बुरकुंडं, मळी की बायोचार?

शेताच्या चराचं किंवा सोसायटीचं सांडपाणी कर्दळ-पाणकणसाच्या वाफ्यात सोडायचं ठरलं की मातीत काय मिसळायचं, यावर खल सुरू होतो. आधी पाण्यात नायट्रेट आहे का ते तपासून घ्या. सेप्टिक टँकच्या पाण्यातला नत्र बहुतेक अमोनियाच्या रूपात असतो. त्याला हवा मिळून त्याचं नायट्रेट झालं नाही, तर वाफ्यात काहीही घाला, फरक पडणार नाही.

नायट्रेट फोडणारे जिवाणू ऑक्सिजन संपला की नायट्रेटवर श्वास घेतात आणि नत्रवायू सोडतात. त्यांना खायला कार्बन लागतो. तो किती वेगाने आणि किती वर्षं मिळेल, यावर निवड करायची.

माझं मत लाकडाच्या ढलप्यांना. अमेरिकेत आयोवामध्ये मक्याच्या शेतांतल्या निचरा नळ्यांचं पाणी ढलप्यांनी भरलेल्या चरांतून सोडतात. हे चर १० ते १५ वर्षं चालतील असं धरलं जातं. ढलप्यांच्या घनमीटरमागे दिवसाला साधारण २ ते २२ ग्रॅम नत्र निघतो. समजा रोज १०,००० लिटर पाणी येतं आणि अहवालात नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे (पिण्याच्या पाण्याची आपल्याकडची मर्यादाही हीच). यातला निव्वळ नत्र सुमारे १० मिलिग्रॅम, म्हणजे दिवसाला १०० ग्रॅम. दर ५ ग्रॅम धरला तर २० घनमीटर, जवळपास ७ ब्रास ढलप्या लागतील. जागा तेवढी आहे का, हे आताच मोजा. आपल्या उष्ण हवेत काम वेगाने होतं, पण लाकूडही लवकर कुजतं. त्यात वाफा मधूनमधून सुकू दिला तर आणखी लवकर. रंगवलेलं लाकूड किंवा प्लायवूड नको. पहिले काही आठवडे पाणी चहासारखं येईल, ते ओढ्यात सोडू नका.

मक्याची बुरकुंडं सुरुवातीला ढलप्यांच्या कितीतरी पुढे असतात. न्यूझीलंडमधल्या चाचण्यांत ते दिसलंय. उसाचं चिपाड आणि भाताचा पेंढाही लवकर कार्बन देतात. पण हे सगळं बसतं, संपतं, पुन्हा भरावं लागतं. फुकट मिळत असेल आणि भरायला माणूस असेल तर ढलप्यांत थोडं मिसळा.

मळीचा (साखर कारखान्यातला काकवीसारखा पातळ पदार्थ, मोलॅसिस) परिणाम लगेच दिसतो, पण मात्रा चुकली की पाणी काळं पडतं, सडक्या अंड्याचा वास सुटतो, आणि नायट्रेटचा काही भाग उलट अमोनिया होऊन बसतो. डोसिंग पंप (मोजकी मात्रा सोडणारा) आणि रोज बघणारा माणूस नसेल तर नकोच. शेणखत तर स्वतःचाच नत्र आणि स्फुरद घेऊन येतं.

बायोचारवर, म्हणजे कमी हवेत जाळलेल्या काडीकचऱ्याच्या कोळशावर, भरवसा ठेवणारे बरेच भेटतात. त्यातला कार्बन इतका पक्का असतो की जिवाणूंना तो जवळजवळ खाताच येत नाही. त्याचा खरा फायदा वेगळा: बऱ्याच प्रयोगांत त्याने नायट्रेट फुटताना निघणारा नायट्रस ऑक्साईड कमी सुटतो, आणि हा वायू कार्बन डायऑक्साईडच्या सुमारे २७० पट तापवणारा. म्हणून ढलप्यांच्या जोडीला चालेल, एकटा नाही.

आणि हे सगळं बांधलेल्या वाफ्यापुरतं. गावच्या नैसर्गिक पाणथळीत यातलं काहीही ओतू नये.